गाऱ्हाण्यात नाव कंचं घालू?

कोंबडा पळाला नसता तर माझी फिल्म गंभीर झाली असती. हे मी फारसं कुणाला सांगत नाही. ज्यांना ती आवडली त्यांना ती विनोदी म्हणूनच आवडली, आणि ज्यांना आवडली नाही त्यांना कोंबड्याचं निमित्त सांगून काय उपयोग?

मी रत्नागिरीजवळच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवते. सासर गावातच, वर सड्यावर, जिथे पावसाळ्याचे चार महिने सोडले तर नुसता काळा कातळ आणि त्यावर हट्टाने उभी असलेली आंब्याची कलमं. एका मे महिन्याच्या सुट्टीत मला फिल्म करायचं खूळ लागलं. मोबाईल होता, नवरा होता, आणि उन्हाचा उजेड परतवायला थर्मोकोलचा एक पांढरा तक्ता होता. तो तक्ता नवऱ्याने धरायचा. त्याचा हात दुखला की माणसांच्या तोंडावर सावली यायची, आणि फिल्ममध्ये ती बऱ्याच ठिकाणी आहे. पुढे एका जाणकाराने त्या सावल्यांचं फार कौतुक केलं. नवऱ्याने ते अजून डोक्यात ठेवलं आहे.

विषय होता राखण. आमच्याकडे शेत राखणाऱ्या देवाला, म्हणजे राखणदाराला, वर्षातून एकदा कोंबडा देतात, त्याला राखण म्हणतात. कोंबडा देण्याआधी गाऱ्हाणं घालायचं असतं. एकाने हातात नारळ धरून देवाशी मोठ्याने बोलायचं, वाडीच्या सगळ्या मागण्या एकामागून एक मांडायच्या, आणि प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा द्यायचा. आमच्या वाडीचं गाऱ्हाणं माझे सासरे घालतात. मी त्यांना मामंजी म्हणते. एरवी दिवसभरात चार वाक्यं बोलणारा माणूस, पण हातात नारळ आला की थांबत नाही. कुणाच्या गाईचं वासरू अडलंय, कुणाचा मुलगा आखातात कामाला लागलाय, खाडीकाठच्या मोहल्ल्यातल्या कुणाची होडी दुरुस्तीला पडलीय, सगळं त्यांना पाठ असतं आणि सगळं ते देवाच्या कानावर घालतात. देव जरा बहिरा असावा अशा आवाजात.

माझ्या डोक्यात चित्र असं होतं की गाऱ्हाणं चालू आहे, कोंबड्याचा डोळा पडदाभर, त्या डोळ्यात सगळी माणसं. मरण, श्रद्धा, वगैरे. प्रत्यक्षात गाऱ्हाणं ऐन रंगात आलं आणि कोंबड्याने ज्याच्या हातात होता त्याच्या अंगठ्याला चोच मारली, टुणकन खाली उतरला आणि कातळावरून सुटला. मी "कट!" असं ओरडले. इंग्रजी शब्दाने वाडी दचकली की कोंबड्याच्या काळजीने कळत नाही, पण नारळ धरलेले मामंजी सोडून अख्खी वाडी त्याच्या मागे धावली. नवराही थर्मोकोल घेऊन धावला. मी मोबाईल बंद करायला विसरले होते, म्हणून ते सगळं चित्रित झालं, आणि पुढे तीच फिल्म झाली. कोंबडा संध्याकाळी पलीकडच्या वाडीत एका कोंबडीच्या संगतीत सापडला. त्याला राखणीतून कायमची सूट मिळाली.

पण गाऱ्हाणं अर्धं राहिलं. मामंजींना ते लागलं. वाडी पांगली होती, आणि गाऱ्हाणं एकट्याने पुरं करता येत नाही, व्हय म्हणायला माणसं लागतात. दुसऱ्या दिवशी नवीन घालावं तर तेही चालेना. "जे सुरू केलंव ते आधी पुरं करायला व्हया," असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर घरात जे काही बिघडलं ते त्या अर्ध्या गाऱ्हाण्याच्या खात्यावर गेलं. विहिरीवरची मोटार जळली, गाऱ्हाणं. माकडांनी फणस फोडले, गाऱ्हाणं. माझी फोडणी करपली तेव्हाही मामंजींनी ताटाकडे बघून एक सुस्कारा टाकला होता.

फिल्म जुळवायला मला पावसाळा पुरला. शेवटी नावं टाकायची वेळ आली आणि इथे खरी भानगड झाली.

लग्नात माझं नाव बदललं होतं. नवऱ्याने तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं. ते सासूबाईंनी निवडलेलं. त्यांनी ते महिनाभर विचार करून, दोन बहिणींशी भांडून निवडलं होतं असं मला पुढे कळलं. नाव छान आहे. त्या नावाने हाक आली की मी ओ देते, आणि मनापासून देते. पण चित्राच्या कोपऱ्यात सही करायची वेळ आली की हात माहेरचं नाव लिहितो. लहानपणापासूनची सवय. चित्राच्या कोपऱ्याकडे कुणी बघत नाही, त्यामुळे इतकी वर्षं ही गोष्ट माझी मलाच ठाऊक होती. फिल्मवर "लेखन, दिग्दर्शन" लिहिलं आणि हात पुढे सहीसारखाच गेला. माहेरचं नाव. मी ते पाहिलं, पुसायला बोट उचललं, आणि पुसलं नाही. फार बरं वाटलं होतं ते बघून.

कुणाला सांगितलं मात्र नाही. फिल्म कोण बघणार होतं? मग रत्नागिरीतल्या एका लघुपट महोत्सवात ती निवडली गेली, आणि मी आनंदाच्या भरात घरी सांगून बसले. दुसऱ्या दिवसापर्यंत वाडीने टेम्पो ठरवला होता. "आपला पिक्चर" बघायला सगळे येणार होते, सासूबाई नव्या लुगड्यात. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात ते मला तेव्हा नीट पटलं. कोपऱ्यातली सही आता भिंतीएवढ्या पडद्यावर येणार होती, आणि ती सगळ्यात आधी सासूबाईंना दिसणार होती. त्यांनी ठेवलेलं नाव मी टाकून दिलं असं त्यांना वाटलं तर? मला बक्षिसाची काळजी नव्हती. ही होती.

सभागृहाच्या दारात मी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं.

"आता सांगतेस?" तो म्हणाला.

"मग कधी सांगायचं होतं?"

त्याने जरा विचार केला. घरात कसलाही पेच पडला की तो आधी वस्तूंची हलवाहलव करतो. "आईचा चष्मा माझ्याकडे देऊन ठेव," तो म्हणाला. आणि खरंच, सासूबाईंच्या पिशवीतून चष्म्याची डबी काढून त्याने खिशात घातली.

इकडे वाडीची वेगळीच गंमत चालली होती. बाहेर बाण काढलेली पाटी होती, "लघुपट विभाग". तिच्यावर झेंडूचं तोरण असं सोडलं होतं की "पट" झाकला गेला होता. टेम्पोतून तासभर हिंदकळत आलेली पुरुषमंडळी ती पाटी वाचून समाधानाने एका रांगेत त्या बाणाच्या दिशेने गेली आणि थेट परीक्षकांच्या चहापानात पोचली. तिघे परीक्षक कप खाली ठेवून उभे राहिले. त्यांना वाटलं, सत्काराला आले. मामंजींनी हात जोडून विचारलं, "हितंच का?" मुख्य परीक्षक, खांद्याला झोळी असलेले पुण्याचे गृहस्थ, म्हणाले, "हो हो, इथेच, या ना." पुढे काय बोलणं झालं मला माहीत नाही. मामंजी बाहेर आले ते एवढंच म्हणाले, "मानसं बरी हायत, पन तितं सोय न्हाय."

आमची फिल्म दुपारी लागली. वाडीने मधल्या चार रांगा भरल्या. दिवे गेले. पडद्यावर "राखण" आलं आणि वाडीने टाळ्या वाजवल्या. मग "लेखन, दिग्दर्शन", आणि त्याखाली मी.

"काय लिवलंय?" सासूबाईंनी विचारलं. चष्मा नव्हता ना. शेजारी वाडीतले निवृत्त पोस्टमन काका होते, ज्यांनी आयुष्यभर दारोदार पत्रं मोठ्याने वाचून दाखवली होती. त्यांनी माझं माहेरचं नाव, वडिलांच्या नावासकट, अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल असं वाचलं.

"ही कोन?"

"म्हाइत न्हाय."

"आपल्या सुनेचं कुटं हाय?"

"अवो, ह्यांनी दुसऱ्याच बाईचा पिक्चर लावलानी!"

झालं. चार रांगांत एकदम गलबला उठला. एक जण उभा राहून मागच्या मशीनवाल्याला ओरडला, "मेल्या, बदल तो, आमचा लाव!" एक संयोजक टॉर्च घेऊन धावत आला. मी खुर्चीत जितकं खाली सरकता येईल तितकं सरकले. तेवढ्यात पडद्यावर आमची विहीर आली, मग आमचा गोठा, आणि वाडी गप्प झाली. म्हणजे पिक्चर आपलाच. मग नाव? पोस्टमन काकांनी हळू आवाजात, म्हणजे तीनच रांगांना ऐकू जाईल असं, कोडं सोडवलं, "तिचं माहेरचं आसंल."

सासूबाईंनी अंधारात माझ्याकडे मान वळवली. काही बोलल्या नाहीत. माझ्या सासूबाई बोलत असल्या की घर ठीक असतं. त्या गप्प झाल्या की आम्ही सगळे आपापली कामं शोधतो. नवरा माझ्या दुसऱ्या बाजूला खिशातल्या डबीवर हात ठेवून बसला होता, जशी काही तीच सगळं सांभाळणार होती.

पडद्यावर मामंजी आले. हातात नारळ. "बा देवा म्हाराजा, बारा वाड्यांच्या राखनदारा, आज तुजी लेकरं तुज्या दारात गोला झाली हायत..."

"व्हय म्हाराजा!"

हे पडद्यातून आलं नाही, मधल्या चार रांगांतून आलं. सवयीने. पुढच्या मागणीला त्याहून मोठ्याने. कुणीतरी चपला काढल्या, मग सगळ्यांनीच काढल्या. आजूबाजूचे रत्नागिरीकरही चांगलेच होते, त्यांच्याही तोंडून व्हय निघायला लागलं. मुख्य परीक्षक वळून वळून बघत होते आणि वहीत काहीतरी लिहीत होते.

आणि मग कोंबडा पळाला. माझं "कट!" ऐकू आलं, कॅमेरा हलला, वाडी धावायला लागली. प्रेक्षक हसले. ज्या हशासाठी मी पावसाळाभर बसले होते तो हशा. तो मला नीट ऐकूही आला नाही, कारण मामंजी उठून उभे राहिले होते.

त्यांचं मागाहूनचं म्हणणं अगदी सरळ होतं. जे गाऱ्हाणं अर्धं राहिलं ते पुन्हा सुरू झालं. वाडी समोर बसलेली. मग पुरं करायला यापेक्षा चांगली वेळ कुठली?

ते रांगेतून बाहेर आले, पडद्यासमोर गेले आणि पडद्याला पाठ करून उभे राहिले. नारळ नव्हता, म्हणून पाण्याची बाटली धरली. मशीनचा झोत त्यांच्यावर पडला आणि पडद्यावर त्यांची भलीमोठी सावली उभी राहिली. तिच्या दोन पायांमधून माझा कोंबडा धावत होता.

"म्हाराजा, कोंबड्यापायी गाऱ्हाणं अर्दं ऱ्हायलं व्हतं, ते म्होरं चालवतोय. चूक झाली आसंल ती पदरात घे."

"व्हय म्हाराजा!"

"जी पोरं पोटासाठी मुंबैला न् आखातात गेली हायत, त्यांना सुकाची भाकरी दे."

"व्हय म्हाराजा!"

"मोटार जललीय ती येकदाची दुरुस्त व्हऊ दे. कलमांना मोहोर दे. न् माकडांना दुसऱ्या गावाची वाट दाखव."

"आमच्याकडं नको!" मागून कुठल्यातरी गावचा आवाज आला.

"बरं, डोंगराची वाट दाखव."

"व्हय म्हाराजा!"

संयोजक टॉर्च धरून माझ्याजवळ वाकला. "मॅडम, हे फिल्मचाच भाग आहे का?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"आनी म्हाराजा," मामंजींचा आवाज चढला, "ह्ये जे मोटे परीक्षक लांबून येऊन बसले हायत, त्यांच्या डोल्यावर काय झापड आली आसंल ती दूर कर, न् त्यांच्या हातनं योग्य त्योच निकाल लिवून घे."

"व्हय म्हाराजा!" म्हणताना वाडीने सगळा जोर लावला. त्यात एक शुद्ध, पुणेरी "होय महाराज" होतं. झोळीवाल्यांनी म्हटल्यावर स्वतःच तोंडावर हात ठेवला. निकालाचं इथेच सांगून टाकते. बक्षीस मिळालं नाही. बहुतेक त्यांची झापड दूर झाली असावी.

मला हसू अनावर झालं होतं. नवरा तर वाकून हसत होता. आणि मग मामंजी म्हणाले, "आता शेवटचं, म्हाराजा. ज्या सुनेनं ह्यो उद्योग मांडलान, ती आमची सून..." आणि थांबले.

गाऱ्हाण्यात ज्याच्यासाठी मागायचं त्याचं नाव घ्यावं लागतं. त्यांनी डोळ्यांवर हाताचा आडोसा करून झोतातून अंधारात मला शोधलं.

"बाय, नाव कंचं घालू? घरातलं का ह्ये पडद्यावरलं? देवाला येकच सांगायला व्हया. न्हायतर त्यो दोन बायांना अर्दं अर्दं वाटून देल."

लोक हसले. मग हसणं ओसरलं, आणि माझ्या लक्षात आलं की सगळे माझ्या उत्तरासाठी थांबले आहेत. इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते असं, पाण्याची बाटली हातात धरून, कोंबडा धावत असताना. मी शेजारी बघितलं. सासूबाई सरळ पडद्याकडे बघत होत्या.

"मी ठेवलेलं तुला आवडत न्हवतं काय गो?" त्या म्हणाल्या. हळू म्हणाल्या, पण त्या वेळी सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

"आवडतं," मी म्हटलं. "खरंच आवडतं, आई. पण चित्रं काढते ती आधीची आहे. हे तिचं काम आहे."

पडद्यावर नवरा थर्मोकोल घेऊन कातळावर आपटला. कुणी हसलं नाही.

"मंग तिचंच घाला," त्यांनी मामंजींना सांगितलं. "काम जिनं केलान, नाव तिचं."

मामंजींनी माझं नाव घेतलं. वडिलांनी ठेवलेलं. त्यांच्या तोंडून ते ऐकताना मला वाटलं, हे तर माहेरी कुणी इतक्या मोठ्याने कधी घेतलं नव्हतं. वाडीने व्हय म्हटलं आणि माझे डोळे भरून आले. मी ते पुसत होते, इतक्यात सासूबाई उठून उभ्या राहिल्या.

"आनी ऐका. माजं बी घाला."

"तुजं तं दर बारीला आसतंच," मामंजी म्हणाले. "घरधनीन म्हनून."

"त्ये न्हवं. आयबापानी ठेवलेलं."

तीस घरांची गुरंढोरं नावानिशी पाठ असलेल्या मामंजींनी बाटली या हातातून त्या हातात घेतली. "काय व्हतं गो?"

सभागृह खदखदून हसलं. पण नवरा नाही हसला. त्यालाही माहीत नव्हतं. मलाही. इतकी वर्षं एका चुलीवर स्वयंपाक करून मला त्यांचं माहेरचं नाव माहीत नव्हतं, आणि मी स्वतःच्या सहीचं दुःख घेऊन बसले होते.

सासूबाईंनी सांगितलं. लहानसं, दोन अक्षरी नाव. मामंजींनी ते देवाला सांगितलं, पण चुकीचं. "तसं न्हाय," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा सांगितलं. या वेळी त्यांनी ते बरोबर घेतलं, जरा जपून घेतलं, आणि वाडी म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

मग मागच्या रांगेतून एक काकी उठल्या. "माजं बी." त्यांच्या शेजारची. तिच्या पलीकडची. परसाकडे जाताना भीड वाटणाऱ्या बायका भर सभागृहात उभ्या राहून आपापली नावं सांगत होत्या आणि त्यांचे नवरे वळून वळून बघत होते. फिल्म कधीच संपली होती, पडदा नुसता पांढरा झाला होता, दिवे लागले होते, आणि संयोजक पुढच्या दिग्दर्शकाची समजूत घालत होता. मामंजी एकेक नाव नीट विचारून घेत होते.

सासूबाई खाली बसल्या. पदराने तोंड पुसलं आणि माझ्या कानाशी वाकल्या.

"लय वर्सांनी कोनी हाक मारलान गो मला," त्या म्हणाल्या.